फाटक्या गोणीची नोंद होते

(युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे. वाक्यं तेवढी जुळवून घेतली.)



मला सांगितलं होतं, तू कविता लिहितोस तर कवितेवर बोल. मी म्हणालो, कवितेवर बोलणारे प्राध्यापक पुष्कळ आहेत आणि त्यांना येण्याजाण्याचं भाडंही मिळतं. मी गोदीतला कामगार. दहावी पास. आज मी कवितेवर बोलणार नाही. मी एका प्रश्नावर बोलणार आहे. प्रश्न साधा आहे. ‘काय चाललंय?’

हा प्रश्न आपण दिवसातून किती वेळा ऐकतो? नाक्यावर कोणी भेटला की काय चाललंय. गावाहून फोन आला की काय चाललंय. मोबाईलवर रात्री बाराला मेसेज, काय चाललंय. आणि आपली उत्तरं ठरलेली. बरं चाललंय. मजेत. निवांत. नायतर नुसता अंगठा. लागोपाठ दोन पाळ्या मारून आलेला पोरगा, खांद्याची कातडी सोलून निघालेली, शर्ट रक्तानं चिकटलेला, तो टाईप करतो ‘निवांत’. हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा माझ्याबरोबर जहाजाच्या पोटात उतरवायचा आहे.

मी आज या ‘बरं चाललंय’च्या विरोधात बोलणार आहे. त्याआधी माझं काय चाललंय ते सांगतो. नायतर तुम्ही म्हणाल, दुसऱ्याला शिकवतो आणि स्वतः झाकून ठेवतो.

पहाटे साडेचारला उठतो. नळाला पाचला पाणी येतं, त्याच्या आधी आईनं हंडे रांगेत लावलेले असतात. हार्बर लाईननं डॉकयार्ड रोड. तिथून पायी गेट. गेटवर पास दाखवायचा. पास ठेकेदाराच्या नावानं निघतो, माझं नाव त्याच्या खाली. ठेकेदार माणसं मोजतो. आज जहाज लागलं असेल तर वीस माणसं, नसेल तर सहा. सहात नंबर लागला नाही तर आल्या पावली परत. रेल्वेचे पैसे आपले, वाट पाहण्याचे तास आपले.

इंदिरा गोदीला पाण्याचे दरवाजे आहेत. बाहेरच्या समुद्राला भरती आली की दरवाजा उघडतो, जहाज आत येतं, दरवाजा लागतो. आतलं पाणी चढतं-उतरत नाही. आमचं घड्याळ त्या भरतीवर चालतं. भरती रात्री दोनला असेल तर काम रात्री दोनला सुरू. समुद्राला रविवार नसतो आणि ठेकेदारालाही नसतो.

कामाचं म्हणाल तर कधी लोखंडाच्या कॉईल, कधी गोणी. एकेक कॉईल दहा-पंधरा टनांची, वीस टनांचीही असते. ती आम्ही उचलत नाही, क्रेन उचलते. पण तिला वायर कोण घालतं? खाली पाचर कोण मारतं? कॉईल हलायला लागली की दोन लोखंडांच्या मधनं कोण पळतं? तिथं माणूसच लागतो. हॅच उघडल्याबरोबर खाली उतरायचं नसतं. लोखंड गंजतं तेव्हा हवेतला प्राणवायू खातं. बंद पोटात शिडीच्या तळाशी माणूस न ओरडता खाली बसतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही बसतो. धान्याच्या जहाजात किडे मारायला विषारी गॅस सोडलेला असतो. म्हणून आधी हवा खेळू द्यायची, यंत्र लावून तपासायची, मग माणूस उतरवायचा. हे नियम आहेत. पण जहाज धक्क्याला उभं राहण्याचे पैसे तासावर लागतात, आणि माणूस उभा राहण्याचे कोणाला लागत नाहीत. तेव्हा घाई कोणाला असते ते तुम्हीच ओळखा.

आता गेल्या काही महिन्यांतल्या तीन गोष्टी सांगतो. ठरवून घडलेल्या नाहीत. काम करता करता अचानक पुढ्यात आल्या.

पहिली गोष्ट पाण्याची. आमच्या टोळीत सगळ्या मुलखाचे लोक. बिहारचा आहे, आंध्रचा आहे, कोकणातला आहे. उन्हाळ्यात जहाजाच्या पोटात लोखंड तापतं तेव्हा एका बाटलीला पाच तोंडं लागतात. एकदा एकजण माझ्या मोबाईलवर गाणं ऐकत होता. गाणं संपलं, पडद्यावर बाबासाहेबांचा फोटो आला. त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं, ‘पूरा नाम क्या है?’ मी सांगितलं. तो काही बोलला नाही. वाईट वागला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याची बाटली कॉईलच्या पलीकडच्या बाजूला दिसायला लागली. तोही माझ्यासारखाच रोजंदारीवर. त्याच्याही पाठीचं साल निघतं. गोदीच्या गेटवर आपल्याला पास लागतो. जातीला लागत नाही. ती शिडी न धरता थेट तळाला उतरते.

दुसरी गोष्ट तुरीची. आफ्रिकेतून तूर आली होती, मोझांबिकची. माझा जोडीदार लातूरकडचा. लातूर म्हणजे तुरीची मोठी बाजारपेठ. घरची दोन एकर कोरडवाहू, बाप अजून तूर पेरतो. भाव पडला, कर्ज झालं, पोरगा मुंबईला आला. त्यानं एका फाटक्या गोणीतनं मूठभर दाणे काढले, तळहातावर पसरले आणि निरखून पाहत राहिला. म्हणाला, ‘दाणा येगळा हाय.’ मग पुन्हा गोणीत टाकले. बापाचा भाव ज्या मालानं पडतो, तो माल पोरगा पाठीवरनं शेडमध्ये रचतो आणि त्या मजुरीतनं बापाला पैसे पाठवतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. जेवणाच्या सुट्टीत बापाचा फोन आला. मी शेजारीच भाकरी खात होतो. बापानं विचारलं असणार, काय चाललंय. कारण हा म्हणाला, ‘बरं चाललंय, आण्णा. जेवतोय.’ कसला माल उतरवतोय ते त्यानं सांगितलं नाही.

तिसरी गोष्ट ऐका. रात्रपाळी. गोणींची जाळी क्रेनवर होती. जाळी एका बाजूनं सटकली. गोणी खाली आल्या. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा खाली होता, बाजूला उडी मारली म्हणून वाचला, पण पाय सापडला. आम्ही गोणी बाजूला केल्या. पाऊल उलटं फिरलं होतं. त्याला टॅक्सीत घातलं. टॅक्सीत बसता बसता त्याला सांगण्यात आलं, ‘दवाखान्यात बोल, घरी जिन्यावरनं पडलो.’ ठेकेदाराचं नाव मी इथं घेत नाही. कारण पोरगा बरा होऊन त्याच्याकडंच परत लागला आहे, आणि त्याच्या घरात तो एकटा कमावता आहे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. धक्क्यावर मालाची मोजणी करणारा कारकून असतो. त्याला आम्ही टॅलीवाला म्हणतो. त्याच्या कागदावर रकाने असतात. किती गोणी उतरल्या, किती भिजल्या, किती फाटल्या. पोरगा गेल्यावर मी त्या कागदावर नजर टाकली. लिहिलं होतं, फाटलेल्या गोणी चार.

चारच. बरोबर होतं. मी स्वतः मोजल्या होत्या. टॅलीवाल्यानं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. त्याच्या कागदात माणसाचा रकानाच नव्हता.

दोस्तांनो, त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात हा रकाना बसला आहे. फाटक्या गोणीची नोंद होते. ती नोंद मालकाकडं जाते, विमा कंपनीकडं जाते, पैसे भरून मिळतात. आपण फाटतो त्याची नोंद कुठं होते? ठेकेदार करणार नाही. दवाखान्याच्या कागदावर ‘जिन्यावरून पडला’. आणि उरलो आपण. आपण काय लिहितो? ‘निवांत.’

म्हणजे खोट्या नोंदीत तिसरी सही आपलीच.

काहीजण म्हणतील, अरे, घरच्यांना कशाला काळजीत घालायचं? या बोलण्यात काहीच दम नाही असं मी म्हणत नाही. माझ्या आज्याची गोष्ट सांगतो.

आमचं गाव कराडकडचं. आजा तिथनं मुंबईला आला आणि गोदीत लागला. त्याला अक्षर येत नव्हतं. गावाकडं कार्ड पाठवायचं तर पोस्टाबाहेर बसणाऱ्या लिहिणाऱ्याकडून लिहून घ्यायचा. ती कार्डं आजीनं पत्र्याच्या पेटीत सुतळीनं बांधून ठेवली होती. आजी गेल्यावर ती माझ्याकडं आली. मी सगळी वाचली. प्रत्येक कार्डाची सुरुवात एकच. सप्रेम जयभीम. इकडील सर्व खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी. पाऊस असो, संप असो, आजार असो, इकडील सर्व खुशाल.

आज्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. विंचच्या दोरात गेली. 1967 साली. त्या महिन्याचं कार्ड माझ्याकडं आहे. त्यावर लिहिलंय, इकडील सर्व खुशाल आहे, या वेळची मनिऑर्डर थोडी कमी आहे तरी भागवून घ्यावे. बस. दोन बोटांचा सगळा वृत्तांत ‘थोडी कमी आहे’ या तीन शब्दांत. आजीला बोटं गेलेली कळली ती आजा दिवाळीला गावी आला तेव्हा. ती सांगायची, ‘पाण्याचा तांब्या दिला, तो उजव्या हातानं घेतला. डावा हात धोतराच्या सोग्यात. तवाच मला कळलं, कायतरी हाय.’

आजा असं का करायचा? नीट विचार केला तर त्याच्याकडं कारणं होती. कार्ड उघडं असतं. लिहिणारा परका. टपाल टाकणारा परका. आजीला वाचता येत नाही, म्हणजे वाचून दाखवायला गावातल्याच कोणाच्या तरी दारात, अंगणाच्या कडेला उभं राहायचं. आज्याची बोटं गेली हे आजीच्या आधी सगळ्या गावाला कळलं असतं. त्यात आनंद मानणारेही असतील, कारण महारवाड्यातला माणूस मुंबईला जाऊन चार पैसे धाडतो हे ज्यांना खुपत होतं ते तिथंच बसलेले. तेव्हा ‘खुशाल’ हा शब्द आज्याची ढाल होता. त्यामागं लपून तो आपलं घर सांभाळत होता. त्या शहाणपणाला मी हात जोडतो.

पण आता कार्ड उघडं नाही. लिहिणाराही आपण, वाचणारेही आपण. आपल्या आज्या-बापांनी पोट मारून आपल्याला अक्षर दिलं. आणि त्या अक्षरांनी आपण पुन्हा तेच लिहितो, जे निरक्षर आज्यानं दुसऱ्याकडून लिहून घेतलं. ढाल होती तोवर ठीक होतं. आता त्या ढालीचं झाकण झालंय. झाकणाखाली वाफ कोंडते.

आजा एका बाबतीत माझ्यापेक्षा बरा होता. 1948 साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला. 1951 साली मुंबईत त्याची योजना आली, डॉक लेबर बोर्ड आलं. त्याच्या आधी गेटवर टोळीवाला बोट दाखवील तो आत, बाकीचे बाहेर. बोर्ड आल्यावर कामगाराची नोंदणी झाली. नंबर मिळाला, पाळीनं काम मिळायला लागलं, आणि नोंदलेला कामगार हजर राहिला पण काम नसलं तरी त्याला हजेरीचे काही पैसे मिळायला लागले. आज्याच्या बोटांची भरपाई मिळाली ती त्याच्या नंबरामुळं. माणसाच्या नावाचा रकाना एकदा तयार झाला की त्यात पुढं पगार लिहावा लागतो, जखम लिहावी लागते, पेन्शन लिहावी लागते. म्हणून तर रकाना द्यायला इतकी खळखळ असते.

मग डबे आले. कंटेनर. 1989 साली पलीकडं न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं. माल डब्यातनं जायला लागला. 1994 साली डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. जुनी माणसं निवृत्त होत गेली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. माझ्या बापाला गोदीत लागायचं होतं. बाप बाजारात हमाल झाला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या बुजवल्या गेल्या. लोक म्हणतात, आता यंत्रं आली, माणूस लागत नाही. डब्याच्या आत जाऊन पाहा. चाळीस फुटी डबा, वर उन्हानं तापलेला पत्रा, आतला माल अजून माणूसच हातानं काढतो. माणूस तोच आहे. त्याचा नंबर तेवढा गेला. आणि गेटवर बोट दाखवणारा परत आला.

नोंद नसली म्हणजे काय होतं ते याच गोदीनं एकदा सगळ्या मुंबईला दाखवलं. 14 एप्रिल 1944. तारीख ऐकून तुम्ही चमकलात. हो, बाबासाहेबांचा वाढदिवस. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या दिवशी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र भरलेली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. सोन्याच्या विटा उडून लांब वस्तीत पडल्या. आगीशी लढताना अग्निशमन दलाचे 66 जण मेले. हा आकडा पक्का आहे, कारण त्यांची हजेरी होती, नावं होती. त्यांची आठवण म्हणून देशात दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. तो मान त्यांचा आहेच. पण गोदीत काम करणारे हमाल, मजूर, बिगारी किती मेले? कोणी सातशे-आठशे सांगतं, कोणी तेराशेच्या वर. शेकड्यांचा फरक! सोन्याची वीट पुढं 1970 नंतरही गाळ काढताना सापडली तर तिची बातमी झाली, ती सरकारजमा झाली. माणसं अंदाजात राहिली. आपण दरवर्षी त्या दिवशी निळा झेंडा घेऊन निघतो. त्या मिरवणुकीत मला त्या न मोजलेल्यांची आठवण येते.

आता तुम्ही विचाराल, मग काय करायचं? मोठमोठी आत्मचरित्रं लिहायची? ज्याला जमेल त्यानं लिहावं. दया पवारांनी ‘बलुतं’ लिहिलं, 1978 साली आलं. बेबीताई कांबळेंनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं. त्यांनी कितीतरी वर्षं ते लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं, हे विसरू नका. बाहेरच्यापासून लपवावं लागतं ते एक. आपल्याच घरात लपवावं लागतं ते दुसरं. तुमच्या आईला, बहिणीला, बायकोला ‘काय चाललंय’ असं शेवटचं कधी विचारलंत? माझी बहीण कपड्यांच्या दुकानात दहा तास उभी असते, गिऱ्हाईक नसलं तरी बसायची परवानगी नाही. हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही तिच्या मैत्रिणीकडून. तिनंही घरात ‘बरं चाललंय’च सांगितलं होतं.

पण मी आज पुस्तकाची गोष्ट करत नाही. त्याहून छोटी करतो. त्यासाठी बाबासाहेबांकडंच जाऊ.

बाबासाहेबांचं इंग्रजीत एक छोटं टिपण आहे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. 1935-36च्या सुमाराचं. छापून आलं 1990 साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं काढलं. त्यातली पहिली हकीकत 1901 सालची. बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचे, सगळी पोरं, साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. वडील खजिनदाराच्या नोकरीत. पोरांनी नवे कपडे घातले, आगगाडीनं मसूर स्टेशनवर उतरली. मसूर म्हणजे आमच्याच भागातलं स्टेशन, आजा तिथनंच गाडीत बसायचा. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. पोरं महाराची आहेत कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला. तोही असा की बैल पोरांनी हाकायचे, आणि तो बाजूनं चालणार. रात्र झाली. शिदोरी बरोबर होती, पण पाणी कुठं मिळेना. पाण्यावाचून पोरं उपाशी झोपली.

आणि वडील स्टेशनवर का आले नव्हते? पोरांनी येतो म्हणून पत्र पाठवलं होतं. ते नोकराच्या हाती पडलं, पण त्यानं वडिलांना दिलंच नाही.

बघा दोस्तांनो. केवढा मोठा विद्वान माणूस. परदेशातल्या पदव्या, ढीगभर ग्रंथ. पण अस्पृश्यता काय असते हे परक्याला समजावायचं झालं तेव्हा त्यांनी श्लोक सांगितले नाहीत. कपडे कसले घातले होते ते सांगितलं. गाडी कधी पोचली ते सांगितलं. भाडं किती ठरलं, पाणी कुठं मागितलं, कोण काय बोललं ते सांगितलं. रडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. एका दिवसाचा हिशेब मांडला. आणि तो हिशेब वाचून अजून अंगावर काटा येतो. कारण त्यात एक रकाना रिकामा सोडलेला नाही.

ही पद्धत आपल्याला जमण्यासारखी आहे. तिला पदवी लागत नाही. एक चाळीस पानी वही लागते.

काय लिहायचं? तारीख. कामाला किती वाजता लागलो, किती वाजता सुटलो. कोणाच्या हाताखाली. काय माल, किती वजन. 1967 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं शिफारस केली की एका पुरुषानं हातानं 55 किलोपेक्षा जास्त ओझं नेहमी वाहू नये. तुमच्या पाठीवर काल किती होतं? माहीत नाही? मग लिहा. पावतीवर किती आणि हातात किती ते लिहा. पाणी कुठं प्यालो, कोणी दिलं, कोणी दिलं नाही ते लिहा. कोणाला लागलं, किती वाजता, कोण हजर होतं ते लिहा. आणि चांगलं घडलं तर तेही लिहा. जिन्यावरनं पडलो असं सांगायला लावलेल्या त्या पोराच्या घरी आंध्रवाल्या मुकादमानं स्वतःच्या खिशातले पैसे नेऊन दिले, हेही माझ्या वहीत आहे. नोंद म्हणजे नुसती तक्रार नव्हे.

याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. ठेकेदार म्हणतो, हा माझ्याकडं कामाला नव्हताच. कायद्यात वर्षभराची सलग नोकरी मोजताना 240 दिवसांचा हिशेब लागतो. आणि ते 240 दिवस काम केलं हे सिद्ध करायचं ओझं कामगारावर आहे, असं सुप्रीम कोर्टानं 2002 साली सांगितलं. नुसतं आपल्या एकट्याचं शपथपत्र चालत नाही म्हणाले. तेव्हा वही एकट्याची ठेवू नका. वहीत गेटपास चिकटवा. पगाराची चिठ्ठी चिकटवा. शेजारच्याची सही घ्या, त्याच्या वहीत तुमची करा. दोन वह्या एकमेकींच्या साक्षीदार होतात. दहा वह्या झाल्या की तो टोळीचा हजेरीपट होतो. मालकाचा नव्हे, आपला.

आणि मोबाईलवर लिहिताना सांभाळा. ज्या ग्रुपवर मुकादम आहे त्या ग्रुपवर शहाणपण करू नका. उद्या गेटवर त्याचं बोट तुमच्यावरनं पुढं सरकेल. वही घरी ठेवायची. आज्याची ढाल सगळीच टाकून द्यायची नाही. कोणापुढं झाकायचं आणि कोणापुढं उघडायचं हे ओळखायचं. आज आपण नेमकं उलटं करतो. मुकादमाला सगळं माहीत असतं, आणि जोडीदाराला, बहिणीला, मित्राला सांगतो ‘मजेत’.

कवी मंडळींनाही एक सांगतो, मी त्यांच्यातलाच. आपल्या कवितेत सूर्य फार उगवतात. ज्वालामुखी फार फुटतात. मी स्वतः गोदीत आहे, मला अजून एकही ज्वालामुखी दिसला नाही. मला पाचर दिसते, वायर दिसते, लातूरवाल्याच्या तळहातावरची तूर दिसते. आग लिहायची तर लिहा, पण ती कुठल्या धक्क्यावर, किती वाजता लागली तेही लिहा. नायतर तुमच्या आगीवर शेकून घ्यायला व्यवस्था खुर्ची टाकून बसतेच.

शेवटचं सांगतो आणि बसतो. संपादकांशी बोललो आहे. यापुढं प्रत्येक अंकात दोन पानं मोकळी ठेवायची ठरलं आहे. त्यात लेख नाही, कविता नाही. फक्त ‘काय चाललंय’ याचं खरं उत्तर. तुमचं, तुमच्या आईचं, बहिणीचं. सफाईला जाणारीचं, डिलिव्हरीची मोटारसायकल चालवणाऱ्याचं, कॉल सेंटरमध्ये आडनाव विचारलं गेलेल्याचं, परीक्षा देऊन देऊन वय निघून चाललेल्याचं. शुद्धलेखनाची काळजी नको. एका दिवसाचा हिशेब द्या. कोणाची नोकरी जाणार असेल तर त्याचं नाव छापणार नाही, पण तारीख छापू, वेळ छापू, वजन छापू. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगावं, आपण लिहून घेऊ. पण पोस्टाबाहेरच्या लिहिणाऱ्यासारखं ‘सर्व खुशाल’ घालणार नाही. तो सांगेल ते आणि तसंच लिहू.

दाराशी वह्या ठेवल्या आहेत. वर्गणीतून आणल्यात, पैसे कोणी देऊ नका. जाताना एकेक उचला. पहिल्या पानावर आजची तारीख घाला.

जयभीम.